शेडच्या दारातली बाज

पाटाच्या पुलापलीकडं एक बाई पडलीय, असं सांगत पेट्रोल पंपावरचा दिलीप दारात आला, तेव्हा मी चहाचं आधण ठेवलं होतं. शालन फिरून आली की तिला अर्धा कप चहा लागायचा. पाणीसुद्धा बेतानं प्यायची डॉक्टरांची ताकीद होती, म्हणून अर्धाच.

"कोण बाई?" मी विचारलं.

दिलीप गाडीवरून उतरला नाही. "काका, तुम्ही चला आधी."

"अरे, पण कोण?"

"पांढरे बूट आहेत पायात," तो म्हणाला. "साडीवर."

आमच्या भागात साडीवर पांढरे बूट घालणारी एकच बाई होती. निखिलनं, आमच्या मुलानं, ते पुण्याहून आणून दिले होते. गल्लीतल्या बायका हसायच्या. शालन म्हणायची, हसू देत, त्यांचं काळीज धड आहे.

मी गॅस बंद केला आणि दिलीपच्या मागं बसलो.

ती रस्त्याच्या कडेला बाभळीखाली होती. द्राक्षबागेतल्या दोन मजूर बायका तिच्याजवळ बसल्या होत्या. एक पदरानं वारा घालत होती. मी आल्यावर तिनं वारा घालायचं थांबवलं, तेव्हाच मला कळलं. शालनचं तोंड घराकडं होतं. म्हणजे ती परत येत होती. पण कुठून, ते मला कळेना. पुलापर्यंत जायचं आणि माघारी फिरायचं, असं आमचं ठरलेलं होतं. पुलाच्या पलीकडं तिचं काय काम होतं?

सरकारी दवाखान्यात नाडी बघायची म्हणून बघितली. रात्री निखिलला फोन केला. तो सकाळपर्यंत पोचणार होता, तोवर थांबायचं ठरलं.

आता थोडं मागचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

शालनचं हृदय मोठं झालं होतं आणि त्याचं पंपिंग कमी होतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती मला म्हणाली, "बघा, माझं काळीज मोठंच आहे, तुम्हालाच पटत नव्हतं." पाय सुजायचे. आडवी झाली की दम लागायचा, म्हणून तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायची, आणि तीही झोप नव्हे, नुसत्या डुलक्या. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं, इंजिनांच्या आवाजात झोपायची सवय मला. पण ती अंधारात डोळे उघडे ठेवून बसलीय हे कळलं की माझीही झोप जायची.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा, मीठ कमी करा आणि रोज चाला. बोलता येईल इतक्याच बेतानं चालायचं. रोज थोडं थोडं वाढवा. दम लागला की बसायचं. बसायची जागा ठरवून मगच घराबाहेर पडा. झोपेत फरक पडेल."

फरक पडला. संक्रांतीनंतर चालायला लागलो आणि महिन्याभरात ती दोन उशांवर आली. एके सकाळी मी चहा घेऊन गेलो तर तिला जाग नव्हती. मी कप हातात धरून तसाच उभा राहिलो. चहा गार झाला तरी उठवलं नाही.

पहिल्यांदा मी बरोबर जायचो. पुलाच्या कठड्यावर बसायचं आणि परत. मग माझा गुडघा धरला. शालन म्हणाली, "तुम्ही घरीच राहा. तुम्ही बरोबर असला की मी बोलत राहते आणि मला दम लागतो."

"डॉक्टर तर म्हणाले बोलता आलं पाहिजे."

"बोलता आलं पाहिजे म्हणाले, भांडता आलं पाहिजे नाही म्हणाले," ती म्हणाली आणि एकटी गेली. पुढं रोज एकटीच जायची. वेळ जरा जास्त लागायला लागला होता. मला वाटलं, हळू चालते.

दुसरी गोष्ट उत्तमची. उत्तम शालनचा थोरला भाऊ. पुलाच्या पलीकडं त्याची बाग आणि बेदाण्याची शेड. त्याची मुलगी स्वप्नाली. आमच्यात मामाची मुलगी सून म्हणून करतात. स्वप्नालीच्या बारशाला शालननं पाळण्यात वाकून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, ही माझी. तेव्हा निखिल तीन वर्षांचा होता आणि लाडवाच्या ताटात बसला होता. मोठा झाल्यावर त्यानं सांगितलं, मी स्वप्नालीला बहीण मानत आलोय, मला हे जमणार नाही. पुण्यातल्या एका मुलीशी त्यानं लग्न केलं. उत्तमनं त्या दिवसापासून बहिणीचं नाव टाकलं. राखी नाही, भाऊबीज नाही. रस्त्यात दिसला तर गाडीची काच वर करायचा. स्वप्नालीचं दुसरीकडं लग्न लावलं, ते टिकलं नाही. ती माहेरी परत आली आणि शेडचं काम बघायला लागली. तेव्हापासून उत्तम आमच्या घराकडं तोंड करून थुंकायचा तेवढा राहिला.

मीही त्याला काही कमी बोललो नाही. शालनसमोर त्याचं नाव काढायचं नाही, असा मीच दंडक घातला होता. ती पाळायची. फक्त एकदा, दुखणं वाढलं होतं तेव्हा, उशांना टेकून म्हणाली, "मी गेले तर माहेरची साडी अंगावर पडल्याशिवाय मला उचलू नका."

"गप बस."

"आणि बाजारातनं विकत आणून माहेरची म्हणून फसवू नका. मला कळेल."

सवाष्ण बाई गेली की माहेरचं माणूस हिरवी साडी घेऊन येतं. ती घातल्याशिवाय नेत नाहीत. म्हणून त्या रात्री मी उत्तमच्या घरी निरोप धाडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडं काही मागितलं.

सकाळी तो आला. बरोबर गावातली दोन माणसं. काखेत कागदी पिशवी. पायरीशी उभा राहिला, चप्पल काढली नाही. शालन ओसरीवर होती. तिच्याकडं त्यानं एकदाच बघितलं.

"कुठं पडली ती, पाव्हणं?"

"पुलापलीकडं."

"तितं कोण घेऊन गेलतं?"

"एकटी गेली होती."

"एकटी!" तो मागं वळून लोकांना म्हणाला. "ऐकलं का? हार्टची पेशंट बाई. उनाचं एकटी गेली. आन् ह्यो घरात चा करत बसला."

"डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं."

"डॉक्टर सांगंल. डॉक्टरच्या घरची हाय का ती? आमच्यात दुखणाईताला पलंगावरनं खाली उतरू देत न्हाईत. तू ढोरागत हाकललीस तिला रस्त्यानं."

निखिल पुढं झाला. "मामा, तोंड सांभाळा."

"तू गप रं! तू तोंड सांभाळलं असतंस तर हितं कुणी कुणाचं तोंड बघायचं टाळलं नसतं."

मी निखिलचा दंड धरला. शेजारची सखूकाकी शालनच्या डोक्याशी बसली होती. तिनं तिथूनच सांगितलं, "उत्तम, भांडण उद्या कर बाबा. साडी दे. ऊन चढाय लागलं."

"देतो की. मी काय न्हाई म्हनलोय?" त्यानं पिशवी काखेतून हातात घेतली. "ह्यानं एकदा सगळ्यांसमोर म्हणावं, मी हिला चालवून मारली. म्हन, आन् घे साडी."

निखिल म्हणाला, "बाबा, काही गरज नाही. मी आत्ता दुकान उघडायला लावून आणतो साडी. दहा आणतो."

मला तेच ऐकू आलं, जे तिनं उशांना टेकून सांगितलं होतं. मला कळेल.

मी उत्तमकडं बघून म्हणालो, "मी हिला चालवून मारली."

"मोठ्यानं."

"मी हिला चालवून मारली. दे साडी."

मागं एक बाई हुंदका देऊन रडली. उत्तमला बहुतेक वाटलं होतं की मी भांडेन. तो तसाच उभा राहिला. माझं नाक त्यानं घासून घेतलं होतं, पण त्याचं तोंड जिंकलेल्या माणसासारखं दिसत नव्हतं. मग त्यानं चप्पल काढली, वर आला आणि पिशवी सखूकाकीच्या मांडीवर ठेवली.

काकीनं साडी उलगडली. हिरवी, लाल काठाची. काठावरून हात फिरवत ती म्हणाली, "अगंबाई, हिला फॉल लावलाय."

"काय झालं मग?" उत्तम तिच्यावर ओरडला. "घाल तिला."

शेवटच्या साडीला कोणी फॉल लावत नाही. पण तेव्हा मला त्याचा विचार करायला डोकं नव्हतं. आम्ही शालनला नेलं. उत्तम खांदा द्यायला आला, तर निखिलनं त्याला बाजूला सारलं. मी थांबवलं नाही.

सावडायच्या दिवशी दुपारी स्वप्नाली आली. पिठलंभाकरीचा डबा घेऊन एकटीच आली. आम्हाला जेवायला वाढलं आणि भिंतीला टेकून बसली. निखिल हात धुवायला उठला तेव्हा म्हणाली, "आतोबा, आत्या रोज आमच्याकडं यायची."

आत्याचा नवरा म्हणून ती मला आतोबा म्हणते. भांडण झालं तरी तिनं ते कधी सोडलं नव्हतं.

"कुठं यायची?"

"शेडवर. फाटकापाशी लिंबाखाली बाज होती. त्यावर बसायची, घोटभर पाणी घ्यायची, माझ्याशी दोन शब्द बोलायची आणि जायची. पुलावर एकदा बसायचं आणि मग आमच्या बाजेवर. म्हणायची, डॉक्टरांनी बसायची जागा ठरवायला सांगितलीय, मी माहेर ठरवलंय."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही जाऊ दिलं असतं?"

ती पुढं म्हणाली, "पहिल्या दिवशी मी पाया पडले तर रडायला लागली. म्हणाली, मी तुझं वाटोळं केलं. मी म्हटलं, आत्या, निखिलदादा मला नवरा म्हणून चाललाच नसता, चिवड्यातले शेंगदाणे निवडून खातो तो. मग हसली. त्या दिवसापासून झोप येते म्हणायची."

"उत्तमला ठाऊक होतं?"

"आप्पा आत असायचे, द्राक्षं सुकवायच्या रॅकपाशी. शेडच्या हिरव्या जाळीतनं बाहेरचं सगळं दिसतंय."

"मग ती आत का नाही गेली?"

"मी रोज म्हणायची, आत चल. तर म्हणायची, त्यानं हाक मारल्याशिवाय कशी येऊ? माहेर आहे, हॉटेल नाही."

निखिल दारात येऊन उभा राहिला होता. स्वप्नाली खाली बघून बोलायला लागली.

"त्या दिवशी आप्पांनी मला सकाळीच सांगलीला धाडलं. खोकी आणायला. मी संध्याकाळी आले तर फाटकापाशी बाज नव्हती. शेडच्या मागं उभी करून ठेवली होती. आत्याचं मला रस्त्यातच कळलं होतं. आप्पांना विचारलं, बाज कुणी उचलली? तर म्हणाले, मी."

मी उठलो. निखिल म्हणाला, "बाबा, गाडी काढतो." मी म्हटलं, "नको. चालत जातो."

गुडघा ठणकत होता. पुलाच्या कठड्यावर बसलो, तेव्हा मला दिसलं की तिथून त्याच्या शेडचं पत्र्याचं छप्पर सरळ दिसतं. आम्ही दोघं इतके दिवस तिथं बसत होतो आणि ती त्याच बाजूला तोंड करून बसायची. मी म्हणायचो, इकडं बस, तिकडून डोळ्यावर ऊन येतंय. ती म्हणायची, येऊ दे.

पुलापासून पुढं बसण्यासारखं काही नाही. एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला बागेचं काटेरी कुंपण. खाली जमिनीवर बसली असती तर तिला एकटीला उठता आलं नसतं. हे मला शेडच्या फाटकाशी पोचेपर्यंत पावलापावलाला कळत गेलं.

आत द्राक्षं सुकायला टाकली होती. आंबूस गोड वास सुटला होता. उत्तम एकटाच रॅकमधला माल हलवत होता.

"बाज कुठाय?" मी विचारलं.

त्यानं हात थांबवले. "तुला कशाला पायजे?"

"बसायचंय. दमलोय."

तो परत माल हलवायला लागला.

"सगळ्या गल्लीसमोर मला म्हणायला लावलंस, मी मारली. बाज कुणी उचलली, ते तिथं का नाही सांगितलंस?"

"हळू बोल."

"का हळू बोलू? घोटभर पाणी आणि बूड टेकायला जागा, एवढंच घेत होती ती तुझ्याकडनं. तेवढंही तुला बघवलं नाही?"

"तिला बसाय मिळू नये म्हणून उचलली, असं वाटतंय तुला?" तो एकदम ओरडला. त्याच्या आवाजानं पत्रा वाजला. "आत यावी म्हणून उचलली!"

त्यानं हातातला माल रॅकवर टाकला.

"माझ्या दारात येती," तो म्हणाला. "माझ्या पोरीसंगं बोलती, माझं पाणी पिती आन् जाती. माझ्याकडं मान वर करून बघत न्हाई. म्हनलं, बाज नसली तर दमून तरी आत येईल. ती बघ खुर्ची. पंख्याखाली ठिवलीती. साडी ठिवलीती तिच्यावर. भाऊबीजेला घेतल्याली, फॉल लावून आणल्याली. द्यायची कशी, त्येच कळत नव्हतं."

खुर्ची तिथंच होती. प्लॅस्टिकची, लाल. धुऊन ठेवलेली.

"मग?"

"मग आली ती. बाज दिसंना म्हणून हिकडं तिकडं बघितलं. फाटकाला हात लावून उभी ऱ्हायली."

"किती वेळ?"

"लई वेळ. मी जाळीमागं हुतो. म्हनलं आता येती. आता येती."

"हाक मारलीस?"

तो खाली बघायला लागला.

"उत्तम, हाक मारलीस का तिला?"

"तिनं यायला पायजे हुतं," तो म्हणाला. "माझ्यापरीस लहान हुती ती."

माझ्यासमोर मालाचं लोखंडी घमेलं होतं. ते उचलून त्याच्या डोक्यात घालावं असं वाटलं, आणि मी ते उचललंही. तो हलला नाही. हात वर केला नाही, मागं सरला नाही. घातलं असतं तर त्यानं घालून घेतलं असतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं, आणि ती सुटका मला त्याला द्यायची नव्हती. मी घमेलं खाली टाकलं. ती लाल खुर्ची लाथेनं उलटी केली आणि बाहेर पडलो. फाटकातून निघताना मागं त्याचा रडण्याचा आवाज आला. मी वळलो नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. निखिल म्हणतो पुण्याला या. मी जात नाही. गल्लीत अजून काही लोक म्हणतात, अंकुश शेलारानं बायको चालवून मारली, स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. म्हणू देत. त्या शब्दाला मला साडी मिळाली होती.

मागच्या वर्षी माझ्याही छातीत दुखायला लागलं. हृदयाची एक नळी फुगवून आत जाळी बसवली. घरी आल्यावर झोप येईना. कूस बदलली की शेजारी तीन उशा लावून कोणीतरी बसलंय असं वाटायचं. त्याच डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी तेच सांगितलं, तसंच. चाला, रोज थोडं वाढवा, दम लागला की बसा, बसायची जागा ठरवून मगच घराबाहेर पडा.

मी चालतो. आधी पुलापर्यंत जायचो. आता शेडच्या फाटकापर्यंत जातो. झोप थोडी लागते.

बाज परत लिंबाखाली आलीय. उत्तमनं ती नव्या काथ्यानं विणून घेतलीय. स्वप्नाली असली की पाणी आणून देते आणि म्हणते, "आतोबा, बसा की. डॉक्टरांनी काय सांगितलंय?" मी उभ्यानं पाणी पितो. पाय भरून येतात. जाळीमागं कोणीतरी उभं असतं, ते मला दिसतं आणि त्याला मी दिसतो. मग फाटकावरचा हात काढतो आणि माघारी फिरतो.

त्यानं अजून हाक मारलेली नाही. मी अजून त्या बाजेवर बसलेलो नाही.